उचलीचे अर्थशास्त्र



ज्या शिक्षकाच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. त्यांच्या वर्गातली काही मुले दसऱ्यानंतर दिसेनाशी होत आणि उन्हाळ्यात परत येत. हजेरीपटावर लाल फुल्यांची रांग असे. ही मुले आईबापांबरोबर ऊसतोडीला जात. गरिबी का टिकते, हा प्रश्न सर पुस्तकातून शिकवायचेच, पण त्याचे उत्तर त्या फुल्यांमध्ये शोधायला सांगायचे. आज मी तेच करणार आहे. गरिबीबद्दल सरसकट बोलण्यापेक्षा एकाच धंद्याचा हिशेब मांडतो. बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतल्या कोरडवाहू पट्ट्यातून दर वर्षी लाखो माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. नक्की किती, याची पक्की मोजदाद सरकारदरबारी आजवर नीट झालेली नाही. दहा लाखांच्या आसपासचा आकडा सर्वसाधारणपणे सांगितला जातो. कारखान्यात आलेला ऊस किलोपर्यंत मोजला जातो, तोडणारी माणसे मात्र अंदाजाने मोजली जातात. या एका गोष्टीचा मला कायम राग येत आला आहे.

आपल्याकडे गरिबीच्या अर्थशास्त्राची सुरुवात मोजणीपासून झाली, आणि ती मोजणी मोठ्या तळमळीची होती. दादाभाई नौरोजींनी १८७६ मध्ये मुंबईत वाचलेल्या निबंधात हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न २० रुपये काढले आणि ते तुरुंगातल्या कैद्याला जगवायला लागणाऱ्या खर्चाशी ताडून पाहिले. पुढे १९७१ मध्ये पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी ‘भारतातील दारिद्र्य’ हा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६०–६१ च्या किमतींना ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये ही त्यांची रेषा. तेवढाही खर्च करू न शकणारी माणसे खेड्यांत ४० टक्क्यांच्या घरात निघाली. त्यानंतर समित्या झाल्या, उष्मांक आले, तेंडुलकर समिती आली, रंगराजन समिती आली. त्या मोजमापांनी पाहिले तर देशातली गरिबी घटली आहे, आणि हे खरे आहे. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला त्यांना ते वेगळे सांगायला नको.

पण या सगळ्या रेषा खर्चावर आखलेल्या आहेत. घरात महिन्याला किती खर्च झाला, हे विचारून ठरवायचे की हे घर रेषेच्या वर की खाली. आता ज्या घराने ऑगस्टमध्ये मुकादमाकडून, म्हणजे तोडणीची टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, लाखभर रुपये आगाऊ उचलले आणि त्यातून मुलीचे लग्न केले, पत्रे बदलले, दवाखान्याचे बिल भरले, त्या घराचा त्या वर्षीचा खर्च चांगला दिसणार. ते घर रेषेच्या वर जाणार. येत्या सहा महिन्यांचे दोन माणसांचे श्रम त्याने आधीच विकून टाकले आहेत, याची नोंद त्या रकान्यात होत नाही. म्हणून मी रेषा बाजूला ठेवतो आणि वही उघडतो.

मुकादमाची वही मी पाहिली आहे. शाळेची शंभरपानी वही असते, पुठ्ठ्यावर देवाचे चित्र. एका कोयत्याला एक पान. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस गेला तर तो अर्धा कोयता, आणि त्याला उचलही अर्धीच. पानाच्या डोक्यावर उचलीची रक्कम, तारीख आणि सही किंवा अंगठा. त्याखाली फडावर गेल्यावर दर आठवड्याला दिलेली खर्ची. मग दवाखाना, किराणा, मोबाइलचे रिचार्ज. एका कडेला खाडे. आजारपण असो, गावाकडे मयत असो, ज्या दिवशी कोयता फडात उतरला नाही त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर दंड लागतो. आणि शेवटच्या ओळीत, पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, एकच शब्द: बाकी.

आकडे गोल धरून हिशेब करू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि मजूर संघटना यांच्यात करार झाला आणि तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली; टनाला २७३ रुपयांच्या आसपास असलेला दर ३६६ च्या आसपास गेला. एक जोडी दिवसाला दीड ते दोन टन ऊस तोडते. पावणेदोन टन धरला तर दिवसाचे ६४० रुपये, माणशी ३२०. हंगामात कामाचे १३० दिवस मिळाले तर कमाई ८३ हजार. उचल एक लाखाची असेल आणि आठवड्याला हजाराप्रमाणे २२ आठवड्यांची खर्ची घेतली असेल, तर घेतलेले पैसे १ लाख २२ हजार. बाकी ३९ हजार. ज्यांचा हात चालतो ते अडीच टनांपर्यंत जातात आणि त्यांचे पान कोरे होते. बैलगाडीवाल्यांना आणि टायरगाडीवाल्यांना वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, विकून रोजच्या भाजीपाल्याचे पैसे सुटतात. पण ज्यांच्या घरी हंगामात एक बाळंतपण झाले, एकाला साप चावला, पंधरा दिवस अवकाळी पावसाने फड बंद राहिला, त्यांची बाकी फिरते. फिरते म्हणजे पुढच्या वर्षीच्या पानावर जाते, आणि काही ठिकाणी वर व्याजही चढते. त्या घराने पुढच्या हंगामात कोणत्या कारखान्यावर जायचे, कोणत्या मुकादमाबरोबर जायचे, हा प्रश्नच उरत नाही.

माणशी ३२० रुपये हा आकडा ऐकायला बरा वाटतो. हे पैसे किती तासांचे आहेत ते पाहा. पहाटे चार–साडेचारला फडावर. थंडीत दवाने ओला झालेला ऊस, त्याच्या पात्याच्या कडा हात कापत जातात. नवरा बुडख्याशी वाकून तोडतो, बायको वाढे छाटते, पाचट सोलते, मोळ्या बांधते. मग मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. गाडी कधी येईल ते कारखान्याच्या हाती. रात्री अकराला आली तर रात्री अकराला भरायची. कोपीवर, म्हणजे राहत्या झोपडीवर, परत आल्यावर बाईला पाणी आणायचे असते, चूल पेटवायची असते. बारा ते चौदा तास हे सरळ धरायचे. त्याच राज्यात २०२४–२५ मध्ये रोजगार हमीवरची दिवसाची मजुरी २९७ रुपये होती, तीही गावात किंवा गावाजवळ, दिवसाउजेडी. मग प्रश्न पडतो की माणसे ऊसतोडीला जातात तरी का?

या प्रश्नाला जी उत्तरे चटकन दिली जातात ती मला मान्य नाहीत. लोक म्हणतात, त्यांना सवय लागली, लग्नात उधळपट्टी करतात, दारू पितात, हिशेब कळत नाही. ज्या माणसाला दीड टनाचा आणि पावणेदोन टनाचा फरक मनगटाच्या दुखण्यावरून कळतो, त्याला हिशेब कळत नाही असे म्हणणे हा उद्धटपणा आहे. तो हिशेब करूनच जातो. त्याची अडचण वेगळी आहे. त्याच्या गरजा ठोक येतात आणि कमाई किरकोळ येते. लग्न, शस्त्रक्रिया, बोअर, घराची भिंत, मुलाची फी, या सगळ्यांना एकदम पन्नास हजार, लाख रुपये लागतात. रोजगार हमीचे पैसे आठवड्या-पंधरवड्याने आणि पुष्कळदा त्याहून उशिरा येतात. त्यातून लाख रुपये कधी उभे राहणार? बँक त्याला दारात उभे करत नाही, कारण सातबारावर दोन एकर मुरमाड जमीन आहे किंवा तीही नाही. खाजगी सावकार महिन्याला शेकडा तीन, पाच, कधी त्याहून जास्त घेतो. अशा वेळी भर पावसाळ्यात, घरात दाणा नसताना, एक माणूस दारात येऊन बिनतारणाचे, वरवर बिनव्याजी लाख रुपये हातावर ठेवतो. त्या क्षणी हा व्यवहार गावातला सगळ्यात स्वस्त व्यवहार असतो.

माझे सांगणे या एका गोष्टीभोवती आहे. ज्याला ठोक पैशांची निकड आहे आणि ते पैसे देणारा एकच माणूस आहे, आणि तोच त्याचे श्रम विकत घेणारा आहे, तिथे मजुरीचा दर श्रमांवरून ठरत नाही, निकडीवरून ठरतो. उचलीचे व्याज दिसत नाही, कारण ते दरात मिसळलेले असते. आणि एकदा पैसे घेतले की दराची घासाघीस करण्याचा, दुसरीकडे जाण्याचा, एक दिवस बसण्याचा हक्क त्या पैशांबरोबर गेलेला असतो. अमित भादुरी यांनी १९७३ मध्ये बंगालच्या शेतीबद्दल असाच विचार मांडला होता: जमीनमालकच सावकार असेल तर कुळाने कर्ज फेडून मोकळे व्हावे यात मालकाचा फायदा नसतो, आणि म्हणून कुळाची मिळकत वाढवील अशी सुधारणा करण्यातही त्याला रस नसतो. ऊसतोडीत जमीनमालकाच्या जागी कारखाना, वाहतूकदार आणि मुकादम अशी साखळी आहे, एवढाच फरक.

मुकादमाबद्दल एक शब्द. तो या गोष्टीतला खलनायक आहे असे मी मानत नाही. तो बहुधा स्वतः कोयता चालवूनच वर आलेला असतो. कारखान्याकडून किंवा वाहतूकदाराकडून तोही अंगावर पैसे घेतो, आणि टोळी पळाली, कोणी दोन ठिकाणी उचल घेतली, तर तो बुडतो. मग वसुलीसाठी माणसे उचलून नेणे, डांबून ठेवणे, मारहाण, या बातम्या आपण दर हंगामात वाचतो. जोखीम एका पायरीवरून खालच्या पायरीवर ढकलली जाते आणि सगळ्यात खालच्या पायरीवर ज्याच्याकडे जोखीम पेलायला काहीच नाही तो उभा असतो. सगळ्यात वरच्या पायरीवरचा कारखाना म्हणतो, हे आमचे कामगार नाहीत. कागदावर ते खरेही असते. करार वाहतूकदाराशी, वाहतूकदाराचा मुकादमाशी, मुकादमाचा तोंडी टोळीशी. दहा लाख माणसे ज्या उद्योगाच्या जिवावर जगतात असे आपण म्हणतो, त्या उद्योगाच्या हजेरीपटावर ती नाहीत.

ही व्यवस्था आजची नाही. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली आणि कर्जरोखे जाळले. मग ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला तेजी आली होती तेव्हा सावकारांनी सढळ हाताने कर्ज दिले, तेजी ओसरल्यावर वसुली सुरू झाली, आणि नव्या कोर्टांनी रोख्यावरची सही पाहून जमिनी सावकारांच्या नावे केल्या. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट आणला. कर्जदाराला कोर्टात संरक्षण मिळाले. परिणाम काय झाला? शेतकऱ्याची कर्जाची गरज कायद्याने संपली नव्हती. सावकारांनी हात आखडता घेतला आणि पुष्कळ ठिकाणी गहाणाऐवजी विक्रीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. कायदा जिंकला आणि कुणबी तिथेच राहिला.

जवळपास शंभर वर्षांनी १९७६ मध्ये वेठबिगार पद्धत रद्द करणारा कायदा आला. आगाऊ रक्कम देऊन माणसाला कामाला बांधून ठेवणे हे त्या कायद्याच्या व्याख्येत बसते. १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर काम करावे लागणे ही सुद्धा सक्तीची मजुरी आहे, कारण भूक आणि दारिद्र्य यांचीही सक्ती असते. इतका स्वच्छ निर्णय हातात असूनही ऊसतोडीतली उचल उघडपणे, भर बाजारात, वर्षानुवर्षे चालू आहे. मी कायद्याच्या विरोधात नाही. पण निकड तशीच ठेवून नुसता व्यवहार बेकायदा ठरवला की तो व्यवहार अंधारात जातो आणि महाग होतो, हे सुप्याच्या अनुभवावरून आपण एव्हाना शिकायला हवे होते.

आता याच उसाच्या दुसऱ्या बांधावर येतो. याच उसाने, याच महाराष्ट्रात, लाखो कुटुंबांची गरिबी घालवलीही आहे. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला, १९५० च्या अखेरीस पहिले गाळप झाले. त्याआधी तो सगळा भाग सावकारी आणि टंचाईने गांजलेला होता. तिथला शेतकरी अचानक कष्टाळू झाला किंवा हुशार झाला असे घडले नाही. त्याला कालव्याचे पाणी मिळाले. कारखान्याला सरकारी भागभांडवल आणि कर्जाची हमी मिळाली. सोसायटीतून पीककर्ज मिळाले, म्हणजे ठोक पैसे स्वतःच्या श्रमाच्या गिऱ्हाइकाकडे न मागता मिळाले. आणि पुढे ऊस नियंत्रण आदेशाने त्याला हमी मिळाली: ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. कारखाने ती हमी नेहमी पाळतात असे नाही, पण शेतकरी रस्त्यावर उतरतो, साखर आयुक्तालयावर मोर्चा नेतो, तेव्हा त्याच्या हातात कायद्याचा कागद असतो.

तोच ऊस तोडणाऱ्या माणसाच्या हातात काय आहे? तीन-तीन, पाच-पाच वर्षांनी संप करून, लवाद नेमून, नेत्यांच्या बैठकीत ठरलेला दर. त्याला १४ दिवसांची मुदत नाही, १५ टक्के व्याज नाही. एकाच फडात उभ्या असलेल्या दोन माणसांपैकी एकाच्या मालाची किंमत देशाचे सरकार जाहीर करते आणि दुसऱ्याचा दर मुकादमाच्या वहीत निघतो. यात आणखी एक पेच आहे. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च उसाच्या किमतीतून कापला जातो, म्हणजे शेवटी शेतकऱ्याच्या खिशातून जातो. त्यामुळे तोडणीचा दर वाढवा म्हटले की कारखाना मोकळा राहतो आणि दोन एकरवाला ऊस उत्पादक कोयत्याच्या समोर उभा राहतो. एका गरिबाची वाढ दुसऱ्या जेमतेम सावरलेल्या माणसाच्या पदरातून काढायची अशी ही मांडणी आहे. गरिबी टिकवणाऱ्या व्यवस्था अशाच पक्क्या असतात: त्यात फायदा वरच्यांना होतो आणि भांडण खालच्यांमध्ये लागते.

वास्तविक रक्कम किती आहे ते पाहा. एक टन उसातून साधारण १०५ किलो साखर निघते असे धरा. ३६६ रुपये दराने किलोमागे तोडणीचे साडेतीन रुपये होतात. दर आणखी निम्म्याने वाढवला तर किलोमागे आणखी पावणेदोन रुपये. यात इथेनॉल, मळी, बगॅसपासूनची वीज यांचे उत्पन्न मी धरलेलेच नाही. आपल्या चहातल्या साखरेला पावणेदोन रुपये झेपणार नाहीत असे कोणी म्हणत असेल तर त्याने ते या सभागृहात उभे राहून म्हणावे.

पैशांचा हिशेब इथवर मांडता येतो. शरीराचा हिशेब मांडताना माझी जीभ जड होते, पण त्यावाचून हे व्याख्यान खोटे ठरेल. बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या प्रमाणावर होत आहेत अशा बातम्या २०१९ मध्ये आल्या. सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक बायकांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या पुष्कळशा चाळिशीच्याही आतल्या होत्या. फडावर संडास नाही, आडोसा नाही, पाणी नाही, म्हणून जंतुसंसर्ग होतो. अंगावरून जाते म्हणून दवाखान्यात जावे तर खाडा पडतो. मग डॉक्टर कॅन्सरची भीती घालतात, आणि ‘पिशवी’ काढून टाकली की कटकट संपली असा सल्ला मिळतो. शस्त्रक्रियेचे पैसे कुठून येतात? उचलीतून. म्हणजे जी बाई खाडा पडू नये म्हणून शरीराचा अवयव काढून देते, ती त्याचे पैसेही पुढच्या हंगामाच्या मोळ्या उचलून फेडते. अर्थशास्त्रात आम्ही भांडवल खाऊन जगणे असा एक प्रकार शिकवतो. गरिबाचे भांडवल त्याचे शरीर असते, आणि ते असे खाल्ले जाते.

पुढच्या पिढीकडे गरिबी कशी जाते, हेही याच वहीत आहे. अर्ध्या कोयत्याला अर्धी उचल, म्हणून मुलगा अठरा-एकोणीसचा झाला की त्याची जोडी लावून द्यायची घाई. वयात आलेली मुलगी गावात एकटी ठेवायची कोणाच्या भरवशावर, आणि फडावर उघड्या कोपीत न्यायची तरी कशी, म्हणून तिच्याही लग्नाची घाई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत १८ वर्षांच्या आत लग्न झालेल्या मुलींचे प्रमाण राज्यात २२ टक्क्यांच्या आसपास होते. बीड जिल्ह्यात ते ४० टक्क्यांच्या वर होते. याला अज्ञान म्हणून भिंती रंगवल्याने ते थांबत नाही. साखरशाळा निघाल्या, हंगामी वसतिगृहे निघाली, आणि जिथे ती नीट चालली तिथे मुले खरोखर शाळेत राहिली. पण ती दर वर्षी मंजुरीची वाट पाहतात आणि टोळ्या मंजुरीची वाट पाहत नाहीत.

तर यातून माणूस बाहेर कसा पडतो? इथे मला बांगलादेशातल्या एका मोठ्या अभ्यासाचा आधार वाटतो. ब्रॅक या संस्थेने तिथल्या अत्यंत गरीब बायकांना कर्ज न देता थेट गाय आणि ती पाळण्याचे शिक्षण दिले. २००७ पासून अकरा वर्षे १,३०० हून अधिक गावांत या घरांचा माग काढला गेला. बाल्बोनी, बांदिएरा, बर्जेस, घटक आणि हाइल या अर्थशास्त्रज्ञांना असे आढळले की मालमत्तेचा एक उंबरठा आहे. गाय मिळाल्यावर जी घरे त्या उंबरठ्याच्या वर गेली ती पुढे आपल्या पायाने चढत राहिली. जी थोडक्यात खाली राहिली ती पुन्हा मजुरीच्या पहिल्या जागी घसरली. आणि या बायकांमध्ये गुणांची कमतरता नव्हती. पुरेशी मालमत्ता हातात असती तर जवळजवळ सगळ्याच जणी मजुरीपेक्षा जास्त कमावू शकल्या असत्या. म्हणून दर वर्षी थोडी थोडी मदत करत राहणे, एक शिलाई मशीन, दोन शेळ्या, पाच हजारांचा धनादेश, हे उंबरठ्याच्या खालीच विरून जाते, आणि मग आपण म्हणतो की एवढे दिले तरी यांचे काही होत नाही.

महाराष्ट्राने या दिशेचे एक मोठे काम केले होते, ते मी अभिमानाने सांगतो. १९७२–७३ च्या दुष्काळात, १९७३ च्या मे महिन्यात, जवळपास ५० लाख माणसे सरकारी कामांवर होती. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, शहरातल्या नोकरदारांच्या व्यवसायकरातून तिला पैसे मिळाले आणि २००५ मध्ये देशाने तिच्याच धर्तीवर कायदा केला. दांडेकर आणि रथ यांनीही दारिद्र्यावर उपाय म्हणून सार्वजनिक कामांचाच आग्रह धरला होता. हमीचे खरे सामर्थ्य तिच्या मजुरीपेक्षा तिच्या असण्यात असते. आंध्र प्रदेशात रोजगार हमीचे पैसे वेळेवर आणि चोख मिळू लागले तेव्हा मजुरांच्या उत्पन्नात झालेली वाढ मुख्यतः खाजगी मजुरीतून आली, असे तिथल्या अभ्यासात दिसले. दुसरीकडे काम आहे हे कळले की मालक दर वाढवतो. अहिल्यानगरच्या हिवरे बाजारने १९९० नंतर याच हमीच्या पैशांतून पाणलोटाची कामे केली आणि गाव सोडून गेलेली कुटुंबे परत आली. बीडकडच्या बालाघाटाच्या डोंगररांगांत असे का होत नाही, याचे उत्तर पावसात थोडेसे आहे आणि कामे वेळेवर न निघण्यात पुष्कळ आहे. ज्यांना जमीनच नाही त्यांचे पाणलोटाने भागणार नाही, हेही मान्य केले पाहिजे.

आता तोडणी यंत्रे येत आहेत. कोटभर रुपयांच्या यंत्राला सरकार अनुदान देते. कोयता सुटावा हे मलाही हवे आहे. पण ज्या दिवशी यंत्र येईल त्या दिवशी वहीतली बाकी पुसली जाईल असे नाही. यंत्राच्या मालकाला अनुदान मिळते तेवढ्यात किती कुटुंबांना उंबरठा ओलांडता आला असता, हा हिशेब कोणी मांडलेला मला दिसला नाही.

मला सगळ्यात आधी ठोक पैशांची आणि श्रमांची गाठ सोडवलेली हवी आहे. मजुराला पावसाळ्यात लाख रुपये लागतात, तर ते श्रमांच्या खरेदीदाराऐवजी बँकेने द्यावेत, नोंदणी झालेल्या प्रत्येक जोडीला, तिच्या स्वतःच्या नावावर, नवरा-बायकोच्या वेगवेगळ्या खात्यांत. परतफेड तोडणीच्या बिलातून व्हावी, पण आठवड्याच्या कमाईच्या ठरावीक हिश्शापेक्षा जास्त कापायला मनाई असावी. आणि कारखाना बदलला तरी कर्ज माणसाबरोबर जावे, टोळीबरोबर नाही. बाळंतपण, अपघात, अवकाळी या दिवसांसाठी विमा असावा, म्हणजे त्यांची बाकी फिरणार नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ झाले आहे, त्यासाठी टनामागे निधी गोळा करण्याचेही ठरले आहे. बँकेच्या कर्जाला हमी देण्यासाठी तो निधी वापरता येईल. आणि तोडणीच्या पैशांना उसाच्या पैशांइतकेच संरक्षण हवे: तेच १४ दिवस, तेच १५ टक्के व्याज, त्याच आदेशात.

यावर बँकेचे लोक मला विचारतात, तारण काय? मराठवाड्यातल्या काही जिल्हा बँका कशा डबघाईला आल्या ते मला ठाऊक आहे, त्यामुळे हा प्रश्न मी हलका मानत नाही. पण ज्यांच्या कर्जांनी त्या बुडाल्या त्यांत ऊसतोड मजूर नव्हते. कारखाने आणि वाहतूकदार दर पावसाळ्यात याच माणसांना कोट्यवधी रुपये वाटतात. त्यांच्यापाशी तरी तारण काय असते? येत्या हंगामातली दोन माणसांची मेहनत. पिढ्यान्‌पिढ्या त्या तारणावर हा धंदा चालला, वाढला, त्यातून साखरेचे साम्राज्य उभे राहिले. ते तारण साखरेला चालत असेल तर बँकेलाही चालले पाहिजे. फक्त पैसे जूनअखेर हातात पडले पाहिजेत, कारण जुलै लागला की मुकादम दारात येतो.